सत्ताविसावी वस्तू

जंगलाच्या तोंडाशी एल्मारनं फळी ठोकली आहे:
लपवलेल्या वस्तू सत्तावीस.
हात लावू नका. मोजा.
आणि खाली, उरलेल्या रंगात:
अस्वल दिसलं तर ते यात धरलेलं नाही.

व्होरूच्या दक्षिणेला कच्ची सडक जाते,
तिथं मी टपाल वाटते. एकोणीस वर्षं झाली.
एल्मारकडून लाइनेकडे सडकेनं सहा किलोमीटर,
जंगलातून दोन.
म्हणून मला त्या वस्तू पाठ आहेत.

पहिल्या वळणावर पाइनच्या खोडाला काळा टेलिफोन,
रिसिव्हर उचलला की आतून मुंग्या.
बर्चच्या ढोलीत एक कवळी.
कुणाची, ते एल्मार सांगत नाही,
फक्त हसून दाखवतो की त्याची तोंडातच आहे.
एका बुंध्याला दारावरची घंटा,
दार नाही.
दगडाच्या पाठीवर इस्त्री, जणू शेवाळाची सुरकुती काढता काढता
कुणी दूध उतू जातंय म्हणून उठून गेलं.
डाव्या पायाचा लाल गमबूट, त्यात उगवलेली ब्लूबेरी
(यंदा अकरा फळं. मी खाल्ली.
हात लावू नका असं लिहिलंय,
मी ओणवी होऊन तोंड लावलं).
आणि बुद्धिबळातला घोडा,
जो दर हिवाळ्यात अडीच पावलं सरकतो.
कोण सरकवतं विचारलं
की एल्मार बर्फाचं नाव पुढे करतो.

शाळेची मुलं येतात बस भरून,
बोटं मोडत मोजतात.
सव्वीस. कुणीही मोजा, सव्वीसच.
ऊकू नावाचा एक पोरगा तीनदा फिरून आला,
गुडघे हिरवे, नाक लाल,
म्हणाला, ती फळीच सत्ताविसावी!
एल्मारनं त्याला सफरचंद दिलं:
चुकलास. पण झकास चुकलास.

ओढ्यापलीकडे लाइनेची हद्द.
वादळात एक स्प्रूस आडवा झाला होता,
मुळं तिच्यात, शेंडा ह्याच्यात.
ह्यानं न विचारता लाकूड फाडलं.
तेव्हापासून बोलाचाली बंद.
दोघं एकाच दुकानातून बियाण्यांची यादी मागवतात,
मी दोन पेट्यांत टाकते.

ऑक्टोबरात रजिस्टर पत्र घेऊन गेले.
सही करायला लाइने वाकली,
तिच्या एप्रनच्या खिशातून लोखंडी दांडा पडला.
उचलला, माझ्याकडे पाहिलं.
चल, म्हणाली.

ओढ्याला लागून, पण तिच्याच बाजूला,
आल्डरच्या दुबेळक्यात
कॉफी दळायचं जुनं जातं. दांड्याविना.
"माझं आहे. त्यानं उसनं नेलं होतं,
झाड पडलं त्याच्या आदल्या वर्षी.
मग परत द्यायला तोंड उरलं नाही,
तर रात्री कंदील घेऊन इथं ठेवून गेला.
मला म्हणे दिसणार नाही.
एवढा मोठा कंदील!"

तिनं दांडा बसवला, तीनदा फिरवला.
खाली पडल्या पाइनच्या सुया, कुटलेल्या,
आणि कुठल्याशा भुंग्याचा हिरवा पंख.
दांडा काढून, पुसून, पुन्हा खिशात.

"घरी का नेत नाही?" मी विचारलं.
"नेलं तर त्याच्या सव्वीसच राहतील,"
लाइने म्हणाली, चिडूनच,
जणू मीच काही चोरायला आले होते.

परतताना ओढ्याशी एल्मार भेटला.
अळंबी वेचतोय म्हणाला.
अळंबीचा भर हंगाम, पायाखाली पिवळी रांग,
आणि टोपली कोरडी ठणठणीत.
"पलीकडे काही आवाज झाला का?
घरघर अशी?"
मी म्हटलं, मी टपाल वाटते,
आवाज वाटत नाही.

तो मान हलवत राहिला.
मग मला टेलिफोनपर्यंत सोडायला आला,
वाटेत सरळ चालत जाऊन
घोड्याला ठेच लागली त्याची,
आणि एकदाही खाली न बघता म्हणाला,
बर्फ यंदा लवकर पडणार.